‘ताई बघत्यात की’

अण्णा,

तुम्हाला मातीत बसवून तीन दिवस झाले होते, तेव्हा मी वैनींना भेटायला गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर विभूती, डोळे कोरडे. मी शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला. मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, “ताई, तुमी दोन वर्सं बघत होता की. मग आमाला का न्हाई सांगितलं?”

मला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतं. म्हटलं, “काय बघत होते, वैनी?”

“ह्यांचा तुकडा. तुमच्याकडंच होता न्हवं? सतरा नंबर.”

त्या क्षणापर्यंत मला माहीत होतं ते एवढंच, की तुम्हाला मणक्याचा जुना त्रास होता, त्यासाठी तुम्ही तीन महिने रजेवर होता, आणि शेवटी किडन्या बंद पडल्या. मणक्याचं तुम्हीच मला सांगितलेलं. फोनवर, हसत हसत. “मणक्याचं हाय. मशीन जुनी झाली, आवाज करणारच की.” तुम्हाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता, हे मला तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. मला! तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून अकरा वर्षं त्याच एका आजाराच्या पेशी बघणाऱ्या बाईला.

लोक मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. मीही बोलेन, कारण बोलण्यासारखं खूप आहे. पण आधी हे बोलू दे. तुम्ही मला फसवलंत, अण्णा.

मी पुण्याहून डॉक्टरेट घेऊन आपल्या कॉलेजात आले, तेव्हा प्रयोगशाळेत सगळ्यात जुने तंत्रज्ञ तुम्ही. मला पेशींच्या आतलं सगळं तोंडपाठ होतं आणि मेणाच्या ठोकळ्यातून गाठीचा धड एक काप काढता येत नव्हता. काप काढायच्या यंत्राचं, मायक्रोटोमचं, चाक मी फिरवलं की काप चुरगळायचा, नाहीतर फाटायचा. तुम्ही दोन दिवस नुसते बघत राहिलात. तिसऱ्या दिवशी स्टूल ओढून शेजारी बसलात. “मॅडम, दम धरून फिरवताय. दम सोडताना फिरवा.” मी श्वास सोडत चाक फिरवलं, आणि पात्याखालून केसाहून पातळ अशी मेणाची अखंड फीत निघाली. तुम्ही ती चिमट्यानं उचलून कोमट पाण्यावर सोडली, खालून काच घातली आणि अलगद वर घेतली. एवढ्या जाड बोटांना हे कसं जमतं, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “माणसाचा तुकडा हाय हो. जपून धरला की जमतं.”

प्रत्येक ठोकळा पात्यासमोर बसवण्याआधी तुम्ही हलक्या आवाजात ‘शरणु’ म्हणायचा. देवळात किंवा वडीलधाऱ्यांसमोर म्हणावं तसं. मी हसायचे. नंतर हसायची थांबले. सतरा नंबरचा ठोकळा बसवलात तेव्हाही म्हणाला असाल का? मी तिथंच होते. मला आठवत नाही.

चारचौघांत मी ‘मॅडम’ होते आणि दोघंच असलो की ‘तंगी’. तुमच्या घरच्या कानडीत धाकटी बहीण. माझी आई गेली तेव्हा आमच्या गल्लीत कॉलेजमधली बरीच माणसं येऊन गेली. पाच मिनिटं उभी राहिली आणि निघाली. तुम्ही वैनींना घेऊन आलात. वंदना संपेपर्यंत विहाराच्या दाराशी हात जोडून उभे राहिलात, आणि मग आत येऊन माझ्या वडिलांच्या ताटाशेजारी ताट घेऊन जेवलात. घरी परत गेल्यावर तुमच्या भाऊबंदांत कोणी काय बोललं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही. पण कोणीतरी बोललं असणार, एवढं मला कळत होतं. म्हणजे लपवायची सवय तुम्हाला तेव्हापासूनच होती. फक्त तेव्हा त्याला मी माया म्हणत होते.

माझं काम तुम्हाला माझ्याइतकंच कळायचं. नवी मुलं वर्गात आली की मी त्यांना जे सांगायचे, ते तुम्ही मागं बाटल्या धूत ऐकायचा. पेशी आपल्या मनानं वाढत नाही. तिच्या आजूबाजूच्या पेशी तिला सांगतात, की आता वाढ. ते सांगणं म्हणजे एक छोटा रेणू, ग्रोथ फॅक्टर. पेशीच्या अंगावर त्याला धरून घेणारा ग्राहक असतो. त्यानं तो धरला, की निरोप आत जातो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडं, थेट केंद्रकापर्यंत. पण शरीर एवढ्यावर थांबत नाही. निरोप पोचला की तो पुसायचीही सोय असते. ग्राहकाला आत ओढून मोडलं जातं, आणि एक प्रथिन त्या निरोपाच्या खुणा सतत खोडत राहतं. त्याला आपण ब्रेक म्हणायचो. निरोप येणं जेवढं गरजेचं, तेवढंच तो वेळेवर पुसला जाणं. वाढ आणि गाठ यांत फरक पडतो तो तिथं.

प्रोस्टेटच्या पेशींना ग्रोथ फॅक्टरच्या जोडीला पुरुषी हार्मोनही लागतं. म्हणून या कॅन्सरमध्ये डॉक्टर आधी हार्मोन तोडतात. पेशी उपाशी पडतात, गाठ आक्रसते. पण काही गाठींमध्ये ब्रेकचं प्रथिनच नाहीसं झालेलं असतं. काही पेशी तर ग्रोथ फॅक्टर स्वतःच बनवतात आणि स्वतःच धरतात. त्यात हार्मोनची वाट बंद केली की ही दुसरी वाट आणखी जोरात वाहायला लागते, कारण दोन्ही वाटा एकमेकींना दाबून असतात. हे काही माझं संशोधन नव्हतं, जगाला माहीत होतं. माझं काम छोटं होतं. आपल्या भागातल्या रुग्णांच्या गाठींमध्ये ब्रेक कोणाचा शाबूत आहे, कोणाचा गेलाय, आणि गेलाय तिथं आतला निरोप किती जोरात चाललाय, हे रंग देऊन बघायचं.

गाठींचे तुकडे इस्पितळातून यायचे. रुग्णाची सही असलेला कागद सोबत असायचा. तो कागद आणि नाव तुमच्याकडं राहायचं. तुम्ही तुकड्याला नंबर द्यायचा आणि वही कपाटात बंद करायचा. तुकडा कोणाचा हे मला कळता कामा नये, म्हणजे माझी नजर कलणार नाही. हा नियम मी लिहिला होता. तुम्ही तो पाळलात. किती पाळलात!

सतरा नंबर पहिल्यांदा भिंगाखाली आला तो दिवस मला आता रोज आठवतो. दुपारची वेळ, वीज दोनदा गेलेली, तुम्ही रंगवलेल्या काचा ओळीनं लावून ठेवलेल्या. शेजारच्या निरोगी ग्रंथींमध्ये ब्रेकचा तपकिरी रंग छान भरलेला, आणि गाठीत त्याचा मागमूस नाही. नुसती निळी केंद्रकं. तोच तुकडा दुसऱ्या काचेवर बघितला, आतला निरोप दाखवणाऱ्या रंगानं, तर सगळी गाठ तपकिरी पेटलेली. इतकं स्पष्ट चित्र मी आधी कधी बघितलं नव्हतं. मी ओरडलेच. “अण्णा, हे बघा! किती सुंदर आलंय!”

तुम्ही आलात. वाकून भिंगातून बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, “व्हय की. लई स्वच्छ आलंय.”

ती तुमची गाठ होती.

पुढं विभागात मी त्या कामावर बोलले, तेव्हा पडद्यावर तेच चित्र लावलं. मागच्या भिंतीशी तुम्ही उभे होता. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण त्यावर सगळे हसले होते. “हा सतरा नंबर माझा लाडका. याचा ब्रेकच गेलाय. याचं हार्मोन तोडा नाहीतर आणखी काही करा, हा ऐकणार नाही. हा स्वतःच स्वतःला सांगतोय.” नंतर कप गोळा करताना तुम्ही मला विचारलंत, “मॅडम, ह्या सतरा नंबरचं पुढं काय?”

मी म्हटलं, “पुढं काय म्हणजे? पेपरमधली पहिली आकृती हीच.”

तुम्ही मान हलवलीत आणि कप घेऊन गेलात. अण्णा, त्या वेळी हातातले कप खाली ठेवून ‘तो मी आहे’ एवढं म्हणायला काय झालं होतं?

तुम्हाला दर तीन महिन्यांनी हार्मोन तोडणारं इंजेक्शन चालू होतं. आता वैनींनी दिलेल्या तुमच्या फायलीतले कागद लावून बघते, तर सगळं समोर दिसतं. जानेवारीच्या थंडीत तुम्ही पंख्याखाली घामाघूम होऊन बसायचा. गळ्याभोवती टॉवेल. मी म्हणायचे, “अण्णा, माझ्या आईला पाळी जाताना असंच व्हायचं. तुम्हाला पण व्हायला लागलं की काय?” तुम्ही पोट धरून हसायचा. वजन वाढलं, चेहरा सुजल्यासारखा झाला, जिना चढताना मध्ये थांबायला लागलात. पाठ दुखते म्हणायचा. हार्मोन तोडल्यावर पुरुषाला घामाच्या वाफा येतात, हे मी वर्गात शिकवते. हा कॅन्सर आधी मणक्यात उतरतो, हेही शिकवते. आणि माझ्यापासून दोन हातांवर बसलेला माणूस मला दिसला नाही. हा राग तुमच्यावर काढता येत नाही, म्हणून तो जास्त छळतो.

मग टेंभुर्णी. मला वाटतं त्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

वर्षभरानं इंजेक्शनचा गुण ओसरला. गाठ किती वाढतेय ते सांगणारा रक्तातला आकडा पुन्हा चढायला लागला. इथल्या डॉक्टरांनी तुम्हाला पुण्याला पाठवलं, पुढची औषधं सुरू करायला. चिठ्ठी फायलीत आहे. तुम्ही वैनींना म्हणालात, एकटा जाऊन येतो, एका दिवसाचं तर काम. मला म्हणालात, पुण्याला भाच्याकडं काम आहे, एक दिवस सुट्टी पाहिजे. सकाळच्या बसनं गेलात आणि दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेत हजर. मी विचारलं, “हे काय? पुणं एवढ्यात झालं?”

“टेंभुर्णीला बस बंद पडली. म्हटलं, आता कुटं थांबायचं. आलो परत.”

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? तुम्ही एप्रन चढवलात आणि काचा पुसायला बसलात. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, विचारलंत, “तंगी, एकदा ब्रेक गेला की परत बसवता येतो का?”

मी भिंगातून मान वर काढली नाही. म्हटलं, “त्यावर औषधं निघतायत म्हणे. पण आपल्यापर्यंत यायला वेळ आहे. अजून काही खरं नाही.”

“बरं,” तुम्ही म्हणालात.

आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन वैनींना सांगितलंत, पुण्याला जाऊन आलो. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, सोलापुरात चाललंय तेच बरोबर आहे. वैनींना ते पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मुंबईला जाऊ, हैदराबादला जाऊ, माझ्या माहेरचे सोबत येतील. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते वैनींनी त्या तिसऱ्या दिवशीच मला तुमच्याच आवाजात सांगितलं. “उगा घाबरू नको. माझा तुकडा ताईंच्या टेबलावर हाय. ताई बघत्यात की.”

पुढं दर वेळी हेच. पाठ दुखते, वैनी म्हणतात दवाखान्यात चला. ताई बघत्यात की. लघवीला त्रास होतो. ताई बघत्यात की. वैनी माझ्या नावावर निर्धास्त राहिल्या. संक्रांतीला त्यांनी माझ्यासाठी हुग्गी, गव्हाची खीर, पाठवली होती, डबा भरून, वर तूप. मी तुम्हाला म्हटलं, यंदा एवढी? तुम्ही म्हणालात, “तुमी लई काम करताय म्हणून.” ती बाई मला तुमच्या जिवाबद्दल हात जोडत होती आणि मी मिटक्या मारत खात होते.

माझं नाव तुम्ही असं वापरलंत, अण्णा. मला न विचारता, माझ्यामागं.

आणि मला सांगा, कशासाठी? पुण्याच्या औषधांना भ्यालात? औषधांसाठी तिकडं राहावं लागलं तर वैनी इथं एकट्या पडतील म्हणून? की ‘हा ऐकणार नाही’ हे माझं वाक्य तुम्ही निकाल म्हणून धरलंत? मला हाच शेवटचा विचार सोडत नाही. कारण तो खरा असेल, तर तुम्ही अडाण्यासारखं वागलात, आणि तुम्ही अडाणी नव्हता. एका सुईनं काढलेला एक तुकडा, त्याचा केसाहून पातळ एक काप. त्याच गाठीत दोन बोटांवर दुसरंच चित्र असू शकतं, हे तुम्हाला माहीत होतं, कारण शेजारशेजारचे काप वेगळे निघाले की तुम्हीच मला दाखवायचा. पुण्याला जे औषध देणार होते, त्याचा त्या ब्रेकशी थेट संबंधसुद्धा नव्हता. ते दुसऱ्याच वाटेनं पेशी मारतं. त्यानं तुम्ही बरे झाला असता असं मी म्हणत नाही. काही महिने मिळाले असते, कदाचित जास्त. कदाचित नसतेही मिळाले. पण हे तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी त्या दिवशी काचेबद्दल बोलत होते. माणसाबद्दल मी तसं कधी बोलले असते का?

कदाचित तुम्ही म्हणाल, नियम तुझाच होता. नंबर कोणाचा ते सांगायचं नाही. खरंय. तुम्ही सांगितलं असतं तर मला तो नमुना बाजूला काढावा लागला असता, चित्र गेलं असतं, आणि ते चित्र मला किती आवडत होतं ते तुम्ही बघितलं होतं. तेवढ्यासाठी गप्प राहिला असाल, तर त्याला काय म्हणू? मला असली भेट नको होती.

त्या तिसऱ्या दिवशी वैनींच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हटलं असतं, तर त्यांना कळलं असतं की तुम्ही वर्षभर त्यांच्याशी खोटं बोलत होता. तुम्हा दोघांना मूल नाही. त्या घरात तुमच्याशिवाय त्यांचं कोण होतं? म्हटलं, राहू दे, माझ्यावर राहू दे दोष. मी खाली मान घालून उठले. दारापर्यंत त्या आल्या नाहीत.

दहा दिवस मी तसेच काढले. नवी पेठेत एकदा त्या समोरून येताना दिसल्या आणि मला बघून दुकानात शिरल्या. त्या दुकानात शर्टाचं कापड विकतात. त्यांचं तिथं काय काम? मी रस्त्यात उभी राहिले, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या मनात आलं, की अण्णांचं खोटं आता मी पुढं चालवतेय. ते गेले आणि काम मला देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेले. बसलेही नाही. म्हटलं, “वैनी, मला माहीत नव्हतं. आजार माहीत नव्हता, तुकडा त्यांचा हेही माहीत नव्हतं. अण्णा पुण्याला गेलेच नाहीत. टेंभुर्णीहून परत आले होते. दुपारी तीनला माझ्यासमोर बसले होते.”

वैनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. “सुळ्ळ,” एवढंच म्हणाल्या. कानडीत खोटं. मला वाटलं, मला म्हणतायत. मग त्यांनी सूप बाजूला सारलं. “म्हंजे मला बी फसवलं आन तुमाला बी.”

“हो.”

त्यांनी एकदा तुमच्या फोटोकडं बघितलं. रडल्या नाहीत. मग माझ्याकडं वळल्या. “पर ताई, तुमाला दिसलं न्हाई व्हय? रोज शेजारी बसत होतं माणूस.”

मी सबब सांगितली नाही. म्हटलं, “नाही दिसलं.” त्यांनी मला बसा म्हटलं. चहा केला. आम्ही दोघी समोरासमोर बसून चहा प्यालो. तुमच्यावर एवढ्या चिडलेल्या दोन बायका एका खोलीत पहिल्यांदाच बसल्या असतील.

सतरा नंबरचं मी कॉलेजच्या नैतिकता समितीला लेखी कळवलंय. ओळख उघडी झाली, म्हणून ते चित्र पेपरमधून काढलं. बाकीचं समिती ठरवेल. वही आता दुसऱ्या विभागाच्या ताब्यात आहे.

पण त्या दिवशी चहा पिता पिता मी आणखी एक विचारलं. “शिवानंदभाऊंची कधी तपासणी झालीय का?” गावाकडं शेती बघणारा तुमचा धाकटा भाऊ. वैनी म्हणाल्या, त्याला काय धाड भरलीय? मी सांगितलं, काही झालं नसेलही. पण सख्ख्या भावाला हा आजार असला, तर दुसऱ्याला धोका जास्त. पन्नाशी उलटलेल्या माणसानं रक्त तपासून घ्यावं. वैनींचा चेहरा बदलला. तुम्ही लपवलंत ते तुमच्यापुरतं नव्हतं, अण्णा. हा साधा सल्ला तुमच्या भावाला दोन वर्षांपूर्वीच मिळायला हवा होता.

वैनींनी तिथल्या तिथं फोन लावला. तुमच्यामुळं मला थोडी कानडी कळते. भाऊ म्हणत होते, मला काही होत नाही, कापूस वेचायचा पडलाय, पुढच्या महिन्यात बघू. वैनी एवढंच म्हणाल्या, “नाळे बा.” उद्या ये.

ते आले. आम्ही तिघं सात रस्त्याजवळच्या एका प्रयोगशाळेत गेलो. रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंनी रिपोर्ट वैनींच्या घरी आणला आणि न उघडताच खिशात घालून ठेवला. म्हणाले, “बगू निवांत.” अगदी तुमच्यासारखे. वैनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढं केला. “हितं वाचायचं. मोठ्यानं. ताई वाचतील.”

मी वाचला. आकडा हवा त्याहून थोडा वर होता.

भाऊंनी विचारलं, “म्हंजे मलाबी तेच?”

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलता येईल अशी. म्हटलं, “माहीत नाही, भाऊ. आकडा वर जायला दुसरी कारणं असतात. वयानं ग्रंथी वाढते, जंतू होतात. महिन्याभरानं पुन्हा रक्त बघायचं. वरच राहिला तर फोटो काढायचा, आणि लागलाच तर तुकडा.”

“आन तुकड्यात निगालं तर?”

“तर लवकर सापडलं असं म्हणायचं. लवकर सापडलं तर करण्यासारखं पुष्कळ असतं. आणि कधीकधी लगेच काही करावंही लागत नाही, नुसतं लक्ष ठेवतात. जे असेल ते मी तुम्हाला सांगेन. जे मला कळत नाही, ते कळत नाही म्हणून सांगेन.”

वैनींनी भाऊंचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. “बायकूला लाव. आत्ता. माज्यासमोर.”

त्यांनी लावला. पलीकडं गोठ्यातला आवाज, म्हशीची साखळी. भाऊ म्हणाले, रिपोर्ट आला. थांबले. अण्णाला होता तो आजार. पुन्हा थांबले. वैनी तशाच उभ्या. मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं, की आकडा वर आहे, पुन्हा तपासायचं आहे, मला भीती वाटतेय.

पलीकडून त्यांची बायको म्हणाली, “ना बर्तीनि.” मी येते. आणि फोन ठेवला.

चारच्या एस्टीनं ती आलीसुद्धा.

तुम्ही मला सांगितलं असतं, अण्णा, तर मीही एवढंच म्हटलं असतं.